रांजणातल्या टाचण्या

निवृत्ती पगारेच्या खांद्यावर लांब दांड्याचा डाव असायचा. वरण वाढतात तसलाच, दांडा तेवढा हातभर जास्त. नाशिकमध्ये वडाळ्याकडच्या वस्त्यांतून तो दारोदार फिरायचा. टाक्या, हौद, रांजण उघडायचा, डाव बुडवायचा आणि पाण्यात डासांच्या अळ्या आहेत का बघायचा. अळी दिसली की पाणी ओतायला लावायचा. ओतण्यासारखं नसेल तिथे तेल मारायचा. मग दाराशेजारी भिंतीवर गेरूने चौकोन काढायचा. आत तारीख, ‘अळी आहे’ किंवा ‘अळी नाही’. खाली ‘नि. प.’

भरलेला रांजण ओतणं बायकांच्या जिवावर यायचं. शेजारची धोंडाबाई त्याला लांबून बघूनच ओरडायची, “आला गं बाई सासरा! झाका आपापले रांजण!”

“झाका, झाका,” निवृत्ती म्हणायचा. “तेच तर सांगत फिरतोय, मावशी.”

स्वतःच्या घराच्या भिंतीवर मात्र चौकोन नव्हता. मलेरियावाल्याच्या घरात कोण डाव बुडवणार?

त्र्याहत्तर साली त्याचं लग्न झालं. मंगला निफाडकडची. सातवी झालेली, हसरी, तोंडाने तिखट. पहिल्याच आठवड्यात तिने डाव हातात घेऊन बघितला. “अहो, आख्ख्या गावाला वाढता का यानं?”

वस्तीमागे जुनी दगडखाण होती. तिच्यात बारा महिने पाणी. पहिल्यांदा तिथे डाव बुडवला तेव्हा निवृत्तीला डासाची अळी सापडलीच नाही. वेगळीच काहीतरी सापडली. काडीसारखी बारीक, गवती रंगाची, शेपटीला तीन पानं. त्याने ती बाटलीत घातली. वर दुसऱ्या घरून काढलेल्या डासांच्या अळ्या टाकल्या. संध्याकाळपर्यंत बाटलीत ती एकटीच उरली.

खाणीच्या कडेला गवतावर निळे किडे बसलेले असत. चतुरासारखे, पण नाजूक. चतुर पंख पसरून बसतो, हे मिटून बसत. ही टाचणी. पाण्यातली ती काडी म्हणजे तिचंच पोर. हे त्याला कुणी शिकवलं नाही. दोन पावसाळे बघून बघून कळलं. त्यानंतर त्याने खाणीत तेल मारलं नाही. कागदावर ‘अळी नाही’ लिहायचा. ते खरंच होतं.

संध्याकाळी तो मंगलाला तिथे न्यायचा. दोघं दगडावर बसायची. एकदा टाचण्यांची जोडी गवतावर टेकली. दोघांची शरीरं वाकून एक आकार झाला.

“पत्त्यातला बदाम,” मंगला म्हणाली.

मग मादी पाण्यातल्या देठात अंडी घालू लागली. नर तिची मान धरून वर ताठ उभा.

“तो काय करतोय?”

“धरून ठेवतोय. बुडू नये म्हणून.”

“तुम्ही धराल?”

“धरीन की.”

“बघू हं,” ती म्हणाली आणि उठून चालायला लागली.

शहात्तरच्या उन्हाळ्यात तिनेच हट्ट धरला. परसात गळा फुटलेला एक रांजण पडून होता. तिने त्यात खाणीतलं शेवाळ सोडलं, चढायला काडी रोवली. निवृत्तीने डझनभर टाचणीची पोरं आणून दिली. त्यांना खाऊ हवा. मग तो लोकांच्या टाक्यांतल्या डासांच्या अळ्या बाटलीत भरून घरी आणू लागला.

“लोकांच्या घरातून काढायच्या आन् आपल्या घरात टाकायच्या,” धोंडाबाई कुंपणावरून म्हणाली. “लय शहाणा हायस.”

“आमच्याकडं राखण हाय, मावशी,” मंगला म्हणाली.

राखण चोख होती. सकाळपर्यंत एक अळी उरत नसे. जूनमध्ये एक-एक पोर काडीवर चढू लागलं. पाठ उलायची. आतून फिकट, ओलं काहीतरी बाहेर यायचं. दुपारपर्यंत निळं होऊन उडून जायचं. मंगला भाकऱ्या सोडून बघत बसायची.

त्यातच हुकूम आला. सुरगाण्याला फवारणी, दीड महिना. निघायच्या आदल्या दिवशी त्याने नेहमीप्रमाणे बाटलीभर अळ्या रांजणात ओतल्या. सकाळी शेवटची दोन पोरं काडीवर चढलेली होती. दोघं वाकून बघत राहिली. बाहेर जीप हॉर्न मारत होती.

“परत येतील का हो इथं? अंडी घालायला?”

“बघ तू. मला सांग,” म्हणत तो धावला.

‘रांजण ओत’ हे दोन शब्द तो नऊ वर्षं दारोदार सांगत होता. त्या सकाळी ते त्याला सुचले नाहीत. राखण उडून गेली होती. खाऊ मागे राहिला होता.

सुरगाण्याच्या डोंगरात तो पाड्यापाड्यांवर फवारत हिंडला. वस्तीत इकडे तापाचे रुग्ण निघत होते. सहाव्या आठवड्यात जीपवाल्याने निरोप आणला. बाईला ताप आहे, डोक्यात गेलाय, लगेच निघा.

तो दवाखान्यात पोचला तेव्हा मंगला शुद्धीवर होती. डोळे पिवळे. ओठ फुटलेले. त्याला बघून हसली.

“रांजण आटू दिला नाही,” ती म्हणाली. “रोज तांब्याभर पाणी टाकत होते. मागल्या महिन्यात एक जोडी आलेली. बदाम करून.”

तो तिच्या पायावरची चादर नीट करत राहिला.

“बोला की.”

“बरं केलंस,” तो म्हणाला.

ती झोपल्यावर तो घरी आला. डाव घेतला. रांजणात बुडवला. डावातल्या पाण्यात अळ्या होत्या. साध्या डासाची अळी डोकं खाली करून लोंबते. या अळ्या पाण्याच्या वरच्या अंगाला आडव्या पडलेल्या होत्या. मलेरियाच्या डासाची अळी अशीच पडते. हा फरक त्याने वस्तीतल्या प्रत्येक बाईला दाखवला होता.

त्याच डावात नखाएवढं एक बारीक काहीतरी होतं. शेपटीला तीन पानं.

टाचण्या परत आल्या होत्या. पोरं अजून फार लहान होती.

“राहू दे निवृत्ती,” धोंडाबाई कुंपणापाशी येऊन म्हणाली. “मी ओतते.”

त्याने मान हलवली. दोन्ही हातांनी रांजण आडवा केला. पाणी परसभर पसरलं आणि मातीत गेलं.

डॉक्टर म्हणाले, डास कुठूनही येतो, तुमच्याच घरातला कशावरून? त्याने ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी मंगलाची शुद्ध हरपली. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. तेव्हा त्याचा हात तिच्या मानेखाली होता. नर्सने दोनदा सांगितलं, आता सोडा.

लोक पांगल्यावर त्याने गेरू घेतला. स्वतःच्या दाराशेजारी चौकोन काढला. तारीख घातली. ‘अळी आहे.’ खाली ‘नि. प.’

नोकरी त्याने सोडली नाही. डाव खांद्यावर असतो. बाटली कधी घेत नाही. ब्याऐंशी साली खाण बुजवली, तेव्हा वस्तीतले सगळे बघायला गेले. तो गेला नाही.

दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी वस्तीत घरांना चुना लागतो. निवृत्तीही लावतो. शिडीवर चढून, नीट, दोन हात. दाराशेजारी आला की ब्रश बाजूला ठेवतो, बोटाला चुना घेतो आणि चौकोनाच्या कडेकडेने लावत जातो.