चारोळीचा पट्टा

रामदासपेठेतल्या बँकेतून निवृत्त झालेल्या प्रेमलताबाईंनी कोराडीपलीकडची उजाड टेकडी पुन्हा जंगल करायला घेतली, तेव्हा बहिणींनी कपाळाला हात लावला. मुरूम खोदून खोदून टेकडीची नुसती हाडं उरली होती. बाई ऐकतात कुठल्या! धावडा, तेंदू, बिजा, अंजन, जे या मातीतलं तेच लावायचं. चारोळीने मात्र रडवलं. बी रुजता रुजेना. शेजारच्या गावची जयवंता रानातून ताजं बी आणी, दोघी एकेक कवच हलक्या हाताने फोडत, तेव्हा कुठे खालच्या अंगाला गुडघाभर रोपांचा पट्टा उभा राहिला.

एप्रिलातली सकाळ. पायथ्याच्या मोहाची फुलं गळत होती. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळायची गावाची जुनीच रीत. जयवंतानेही तेच केलं. तेवढ्यात वारा उठला आणि आग बांध ओलांडून टेकडीच्या वाळल्या गवतात शिरली.

"काहून पेटवलं वं? किती वेळा सांगितलं होतं तुले!" धावत आलेल्या बाई ओरडल्या.

"चुकलं बाई. जराशी पाठ वळली अन्..." जयवंता पळसाच्या फांदीने ज्वाळा झोडपत होती. आग मात्र वर सरकतच होती.

वर सगळं जंगल, मधे फक्त चारोळीचा पट्टा. पट्टा आणि जंगल यांच्यामधल्या पायवाटेवरून तो आपणच आधी जाळला, तर खालच्या आगीला पुढे खायला काही उरणार नव्हतं. बाईंना हे कळत होतं आणि पाय उचलत नव्हता.

"काडेपेटी दे."

"बाई, चारोळी हाय न तिथं!"

"दे म्हटलं न!"

काडेपेटी घेऊन त्या पायवाटेवर धावल्या. पहिली काडी विझली. दुसरी लागली. गवत चरचरत पेटलं, कोवळी पानं आकसली, मग काळी पडली. बाईंनी नजर वळवली नाही. धुरात दोन्ही आगी समोरासमोर आल्या, उंच उसळल्या आणि खाली बसल्या. वरचं जंगल वाचलं.

जयवंता राखेत बसून हुंदके द्यायला लागली. "माह्या हातानं चारोळी जळली, बाई."

बाईंचा राग गेला नव्हता, लवकर जाणारही नव्हता. पण खोटं त्यांना ऐकवेना.

"तू गवत जाळलं. चारोळी मी जाळली," त्या म्हणाल्या. "रडाचं असन तं आता मले रडू दे वं."

आणि त्या तिच्या बाजूला राखेतच बसल्या.