सही करायला कोणी नाही

जपानात उरायासुला आमच्या शेजारच्या घरात युरोपातल्या एका लहानशा देशाचं जोडपं राहायचं. देशाचं नाव लिहीत नाही, लिहिताना अजून डोकं तापतं. तो त्यांच्या वकिलातीत व्यापाराचं काम बघायचा. ती आणि मी एकाच जपानीच्या वर्गाला जायचो आणि स्टेशनबाहेर सायकली लावून मोडक्यातोडक्या जपानीत तास न् तास बोलायचो. जपानी माणसाला त्यातलं अर्धंही कळलं नसतं. आम्हाला एकमेकींचं सगळं कळायचं, निदान मला तसं वाटायचं.

तिच्या देशात एका पक्षाची सत्ता जाऊन निवडणुका सुरू झाल्या होत्या आणि सरकारं एकामागून एक कोसळत होती. आमच्याकडेही पडतात की, मी म्हणाले. तेव्हा तिने मला समजावून सांगितलं. तिथे सरकार पडलं की बँकेचा साहेब, कारखान्याचा मॅनेजर, बंदरावरचा अधिकारी, सगळेच बदलतात. नवे येतात ते आधी जुन्यांच्या सह्या उकरतात आणि एखाद्याला आत टाकतात. म्हणून कोणी सहीच करत नाही. गव्हाचं जहाज बंदरात उभं, माल उतरवायच्या कागदावर सही नाही, आणि तिची म्हातारी आई पावाच्या रांगेत. मी हे सगळं कोणा परक्याचं दुःख म्हणून ऐकलं, हळहळले आणि घरी येऊन कुकर लावला.

मग तिचा नवरा एक ऑफर घेऊन आला. नव्या सरकारला देशातल्या बँका कॉम्प्युटरने जोडायच्या होत्या आणि माणूस हवा होता. माझा नवरा पुण्याहून कॉन्ट्रॅक्टवर आलेला प्रोग्रामर. जपानची भरभराट ओसरली होती, कॉन्ट्रॅक्ट वाढवायची वेळ आली की आम्ही परतीच्या तिकिटांचे पैसे मोजून बाजूला ठेवायचो. तिकडे पक्की नोकरी आणि राहायला घर मिळणार होतं. फोनवर सासूबाई म्हणाल्या, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. आम्ही हसलो. नेमणुकीचा कागद सहीला गेलाय, आज-उद्या येईल, असं शेजारी सांगत राहिला. नवऱ्याने राजीनामा दिला, घरमालकाला नोटीस दिली.

उरायासुत मोठं सामान टाकायचं तर आधी फोन करून दिवस ठरवावा लागतो. सोदाई-गोमी म्हणतात त्याला, मोठा कचरा. त्या सकाळी ती मदतीला आली. फ्रीजचं एक टोक मी धरलं होतं, एक तिने. जिन्यावरून उतरताना "सावकाश, सावकाश" म्हणत होती. खाली फ्रीजवर मी कचरा न्यायचे पैसे भरल्याचं तिकीट चिकटवलं, तर त्याचा उचकटलेला कोपरा तिने अंगठ्याने नीट दाबून बसवला.

त्याच आठवड्यात नवऱ्याने वकिलातीत फोन केला, तेव्हा कळलं की ते सरकार पडलंय. ज्या खात्यात नोकरी होती ते खातंच उरलं नव्हतं. इथल्या कंपनीने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. नोकरी नाही म्हणजे व्हिसाही नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

मी तिच्या दारावर गेले आणि एवढंच विचारलं, तुला कधी कळलं? ती खोटं बोलली नाही. सामान टाकायच्या आधीच कळलं होतं, म्हणाली.

"सांगितलं असतं तर तुम्ही गेलाच नसता," ती म्हणाली. "कागद काय, कपाटात पडून राहतो. पण बायकोमुलासकट माणूस दारात येऊन उभा राहिला की कोणाला तरी सही करावीच लागेल, असं वाटलं. मग तुम्हाला आणणारा म्हणून माझ्या नवऱ्याची नोकरीही टिकली असती."

बायकोमुलासकट. म्हणजे मी आणि माझा पहिलीतला मुलगा. एखाद्या सरकारने फसवलं असतं तर मी त्याला चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. हिने केसाने गळा कापला होता. ती "गोमेन" म्हणत राहिली, माफ कर. मी केलं नाही, आजही केलेलं नाही.

परतीच्या विमानात मुलगा झोपल्यावर नवरा म्हणाला, "तिच्या जागी तू असतीस, तर तूही गप्पच बसली असतीस."

मी उठून मुलाच्या पलीकडच्या रिकाम्या सीटवर जाऊन बसले, ती थेट मुंबई येईपर्यंत.