कानबाईची पायरी

जुन्या मोजणीच्या नकाशांवर लोकांच्या तोंडची नावं चढवायचं काम मी सुरतेत दोन वर्षं केलं. तळं असो, वड असो की नुसता उतार, लोक त्याला काय म्हणतात ते लिहून आणायचं. तीन जुन्या रहिवाशांनी तेच नाव सांगितलं, तरच ते नकाशावर जाणार, असा नियम. माझ्या वाट्याला बमरोली आली. मी वाढलो तीच.

तिथे खाडीच्या कडेला दगडाच्या चार पायऱ्या होत्या. खानदेशातून आलेल्या बायका श्रावणात कानबाई देवीचं विसर्जन तिथेच करत. पहिल्या वर्षी ही जागा माझ्या आईने शोधली. गावाकडे नदी होती, इथे तिने खाडीवर भागवलं. बायका त्या जागेला ‘कानबाईनी पायरी’ म्हणू लागल्या. आता खाडीवर स्लॅब पडलाय, पायऱ्या खाली गाडल्या गेल्या. अंथरुणाला खिळलेल्या आईचं एकच मागणं होतं, नाव तरी कागदावर राहू दे.

मी निघालो. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म आणि तोंडात सफाईदार गुजराती, जिचा मला भारी तोरा. बारा घरं फिरलो. सगळ्यांनी सांगितलं, “खाडी किनारो.” मी रकान्यात लिहिलं, ‘स्थानिक नाव नाही’. मला नाव ठाऊक असूनही लिहिलं. नियमाचा माणूस ना मी! फॉर्म जमा केला आणि घरी येऊन आईला सांगितलं.

ती म्हणाली, “तू त्यासले गुजरातीमा इचारं का?”

“हो.”

“मंग त्या कसं सांगतीन? सायबले कोन घरनं नाव सांगस रे?”

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ओळखपत्र खिशात कोंबून त्याच दारांवर गेलो आणि आमच्या अहिराणीत विचारलं. तासाभरात तिघींनी नाव सांगितलं. एकीने चहा पुढे ठेवत झापलंच, “काल तू काब्र गुजराती बोलना रे?”

तसाच ऑफिसात धावलो. नकाशा आदल्या संध्याकाळी छापायला गेला होता. ती तारीख मला ठाऊक असायला हवी होती.

छापलेला नकाशा घरी आणला तेव्हा आई उठून बसली, भिंतीला टेकून. तिला अक्षरओळख नव्हती.

“कोठे शे?”

मी तिचं बोट धरलं आणि खाडीच्या वळणाशी ठेवलं. तिथे कोरा कागद होता.

“पुरं नाव शे ना?”

मी हो म्हणालो. आयुष्यात तिच्याशी इतकं मोठं खोटं मी कधी बोललो नव्हतो. तिने बोट कितीतरी वेळ उचललं नाही. नंतर जे कोणी तिला बघायला येत, त्यांना ती सांगत राहिली, आपली पायरी नकाशात आली म्हणून. मी शेजारच्या खोलीत ऐकत असे.

महिन्याभरात आई गेली. तेराव्याला त्या तिघी आल्या. जेवणं झाली, पण त्या उठेनात. थोरलीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “भाऊ, तो नकाशा दखाड ना.”

मी कपाटातून तो काढून त्यांच्यापुढे पसरला. तिघींपैकी एकीने पिशवीतून चष्मा काढला. तिला वाचता येतं.