चादर बदलायचा आठवडा

माझी धाकटी बहीण उत्तर न देण्याची नोकरी करते. थट्टा नाही. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरी सांभाळणाऱ्या अठरा जणांचा एक ऑनलाइन वर्ग आहे, त्याची ती फॅसिलिटेटर. दर सोमवारी ग्रुपवर एक प्रश्न टाकते आणि गप्प बसते. कुणी तिलाच विचारलं, तर "बाकीच्यांना काय वाटतं?" असं लिहून मोकळी! म्हणे, मी सांगितलं की ते एकमेकांकडून शिकायचं थांबतात. आणि स्वतःचं घरचं काही मध्ये आणायचं नाही, हा तिचा नियम.

मागच्या महिन्यात, एका गुरुवारी आमची आई गेली. सहा वर्षं ती बहिणीकडेच होती, अंथरुणात. मी वर्षातून दोनदा यायचे, फळं घेऊन. आता राहायला आले होते, तर बहिणीच्या डोळ्यांत टिपूस नाही. मलाही रडू येत नव्हतं, खोटं कशाला बोलू? दोघी चहा करायचो, कप विसळायचो, पुन्हा चहा करायचो. आईच्या खोलीचं दार लोटलेलंच होतं. सोमवार उजाडला तशी ही कामाला बसली. ग्रुपला आई गेल्याचं सांगितलंसुद्धा नाही.

"अगं, निदान त्यांना सांग तरी!" मी भडकले.

"वर्ग त्यांचा आहे, ताई."

त्या आठवड्याचा प्रश्न होता, माणसाला न उठवता त्याच्या अंगाखालची चादर कशी बदलता? सगळे नुसते तुटून पडले. निवृत्त नर्सबाईंनी तर फोटोच टाकले. माणसाला कुशीवर वळवायचं, जुनी चादर त्याच्या पाठीपर्यंत गुंडाळत न्यायची, नवी मागोमाग अंथरायची, मग दुसरी कूस. फक्त एक बसड्रायव्हर मूग गिळून बसला होता. वडिलांना सांभाळायला शिकायचं म्हणून वर्गात आला, आणि तीन आठवड्यांत एक अक्षर नाही. शनिवारी दुपारी बारापर्यंत त्यानं काही लिहिलं नाही तर नाव कापा, असं वर्ग चालवणाऱ्या ऑफिसचं फर्मान आलं.

बहीण त्याला रोज एक ओळ पाठवायची, "तुम्ही कशी बदलता?" उत्तर नाही.

"काप की नाव," मी म्हटलं. "शिकायचं असतं तर बोलला नसता?"

"तो रोज सगळं वाचतो, ताई. शेवटच्या ओळीपर्यंत. मला दिसतं इथं."

शनिवारी पावणेबाराला त्याचं उत्तर आलं. बहिणीनं ते वाचलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"वडील जाऊन अकरा दिवस झाले. चादर तशीच आहे. वर कुणी नसताना कशी बदलायची?"

बहिणीनं कीबोर्डवर बोटं ठेवली. आता ही "बाकीच्यांना काय वाटतं?" लिहिते की काय, अशी मला धास्ती वाटली. तिनं मग लिहिलं, "मला माहीत नाही. माझी आई जाऊन नऊ दिवस झाले. आमचीही तशीच आहे."

पाच मिनिटांनी नर्सबाईंचं आलं, "मग दोघांनी उद्या सकाळी आठला काढा. एकाच वेळी. आम्ही सगळे इथं असू."

रविवारी आठला लॅपटॉप आईच्या खोलीतल्या स्टुलावर ठेवला होता. ड्रायव्हरनं लिहिलं, "काढतोय."

"तू त्या बाजूनं धर," बहीण म्हणाली. कोपरा गादीखाली कुठे खोचलाय तेही मला सापडेना. सहा वर्षांत ती चादर मी एकदाही धरली नव्हती. लाज वाटली मला.

बहिणीनं तिची बाजू सोडवली, गुंडाळत गुंडाळत पलंगाच्या मध्यापर्यंत आणली आणि थांबली. एक हात पुढे गेला, आईचा खांदा असायचा तिथे, वीतभर वर. तो तसाच राहिला. मीही हलले नाही.

मग तिनं हात मागे घेतला.

"ओढ, ताई. जोरात ओढ. आता कुणाला लागणार नाही."