तांबडं औषध, पांढरं औषध

तांबड्या रश्श्याची फोडणी नाकात गेली की मला ब्याऐंशी सालचा कोल्हापूरचा तो दवाखाना आठवतो. बायकोच्या छातीतला कॅन्सर काखेपर्यंत पसरला होता. डॉक्टर म्हणाले, "दोन औषधं हाताच्या शिरेतून एकत्र देऊन बघू. प्रयोग आहे, खात्री देत नाही." एक औषध लालभडक, दुसरं बिनरंगी. बायकोनं हात पदराखाली घेतला. "मी न्हाय घेणार. मरायचंच तर घरात मरीन की!" मी दुसरी शिकलेला, पण मागं हटणारा नव्हे. म्हटलं, "अगं, तांबडा-पांढरा समोर आल्यावर कोल्हापूरचं माणूस पाटावरनं उठतंय व्हय?" "पांढरा कुठाय? पाणीच हाय त्ये." "मग पातळ झालाय म्हण." ती खुदकन हसली आणि हात पुढं करून डॉक्टरांना म्हणाली, "वाढा, पावणं!" गुण आला. आता रस्सा मीच करतो, आणि पांढरा पातळ झाला म्हणून ती दर रविवारी भांडते.