चार फुटांचं दार

घोलवडच्या आमच्या चिकूवाडीत, घरामागे, बाबांसाठी एका खोलीचं वेगळं घर बांधायचं होतं. डहाणूहून आलेले इंजिनियर मला एकदाच भेटले; नाव विसरलो. कानावर पेन्सिल. प्रत्येक माप ते दोनदा घेत.

मी म्हटलं, "एकट्या माणसाला अडीच फुटी दार पुरे."

त्यांनी टेप गुंडाळली. "चार ठेवा. माझी आई गेली तेव्हा चौघांना तिला उचलून दारातून निघता येईना. शेवटी उभी करून बाहेर काढली. त्या घराचा नकाशा माझाच."

ओटीवर बाबा ऐकत होते. त्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला.

"साहेब, मग पायरी पण नको. उचलणारे अडखळतील."

इंजिनियरांनी मान वर न करता नकाशातली पायरी खोडली.