गोव्यातला कारखाना

हे मी पोटच्या लेकीलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते — पण आधी गोवा सांगू का? गोवा फार छान हो! होडीत बसायचं, जुनी चर्चं बघायची, घासाघीस करून काजू घ्यायचे, भाड्याची टोपी घालून फोटो काढायचा... बघा, लागले ना मी भलतीकडे!

नव्वद सालानंतरची गोष्ट. नागापूर गावातल्या आमच्या कॉलनीतल्या बायकांनी गोव्याची बस ठरवली. माझ्या सासूबाई — मी त्यांना आत्याबाई म्हणायची — कोपरगावकडच्या, साखर कारखान्याशेजारी जन्म काढलेल्या. डोळ्यांत मोतीबिंदू, अंगावर नऊवारी, तोंडात मिश्री. म्हणाल्या, "मला बी ने गं. एकदा समुद्रात पाय बुडिवते, मग मरायला मोकळी." समुद्राला वाहायला घरून नारळसुद्धा घेतला त्यांनी.

आणि मी काय केलं?

बाकीच्या बायका पंजाबी ड्रेस घालून निघालेल्या. वाटलं, आत्याबाई नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचतील, लाटांना हात जोडतील, "लई खारट हाय गं" म्हणून ओरडतील — आणि या हसतील. एवढंच. एवढ्याचीच लाज वाटली मला. आत्याबाईंना म्हटलं, समुद्र लांब आहे, तुमच्या गुडघ्यांना झेपायचा नाही. बायकांना म्हटलं, त्यांना पाण्याची भीती वाटते.

समुद्र कुठे होता? लॉजच्या मागे! माडांच्या पलीकडे.

मी भिजून परत आले, तर त्या व्हरांड्यात नारळ मांडीवर घेऊन बसलेल्या. कान देऊन काहीतरी ऐकत होत्या.

"पोरी, हितं बी साखर कारखाना हाय का गं? सकाळधरनं घरघर चाललीय. जरा थांबतीय, पुन्ना सुरू."

माझ्या पदरातून वाळू गळत होती. अजूनही वेळ होता — हात धरून नेलं असतं तर? पण मग मी खोटारडी ठरले असते ना?

"व्हय," म्हटलं, "कारखानाच हाय."

घरी आल्यावर त्या शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, "गोव्यात बी कारखाना हाय बरं का, आपल्यापरीस लई मोठा!" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. ज्या हसण्याला मी भ्याले होते — तेच. मी तिथेच असायची, शेंगा फोडत.

नारळ तसाच परत आला होता. मी त्याच्या वड्या केल्या. आत्याबाईंनी खाल्ल्या, छान झाल्यात म्हणाल्या.

पुढे त्या गेल्या. तो कारखाना नव्हता, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.